पृष्ठभाग ठेवा, पृष्ठभूमी खोडा

प्रश्न असा आलाय: ‘चुंबकीय ऑक्साइड स्फटिकांच्या पृष्ठभागाचा वर्णपटीय अभ्यास’ हे शीर्षक फळ्यावर लिहिलं आणि वर्गात हशा पिकला. पृष्ठभाग म्हणजे बसायचा भाग ना? त्याऐवजी ‘पृष्ठभूमी’ चालेल का? आणि ‘स्पेक्ट्रम’ला ‘वर्णपट’ म्हणावं की ‘वर्णपंक्ती’?

पृष्ठभूमी? मुळीच नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान उतरलं, तेव्हा एक निवेदक ‘चंद्राच्या पृष्ठभूमीवर’ असं घोकत होता. तेव्हापासून हा शब्द कानाला टोचतोय. पृष्ठभूमी म्हणजे पार्श्वभूमी, मागचा पडदा. पडद्यावर यान उतरवायचं म्हणजे नाटकच.

पृष्ठ म्हणजे पाठ, हे खरंच. पण पाठ मागे असते हे ठरवलं कुणी? दोन पायांवर उभ्या राहिलेल्या माणसानं! गाय, घोडा, कासव यांची पाठ वरच असते. माझं मत असं की पृष्ठाचा ‘वरची बाजू’ हा अर्थ या चार पायांवरून आलाय. मुंडकोपनिषदात ‘नाकस्य पृष्ठे’ आहे, म्हणजे स्वर्गाच्या माथ्यावर. स्वर्गाच्या परसदारी नव्हे. भूपृष्ठ त्याच घराण्यातलं. पाठोपाठ, पाठलाग, पाठराखण ही दुसरी, माणसाची शाखा. मुखपृष्ठात तर तोंड आणि पाठ एका घरात नांदतात, आणि कुणाला हसू येत नाही. हिंदीवाले ‘सतह’ म्हणतात, तो अरबी, मुळात छप्पर. इंग्रजी सरफेसमध्ये चेहरा दडलाय. छप्पर, चेहरा, पाठ. आपली पाठ मला सगळ्यांत आवडते.

पठारही याच पाठीचं, हे मी कधीपासून सांगतोय. डोंगराची पाठ ते पठार. काही पंडित ते ‘प्रस्तर’वरून आणतात. मग ‘स्त’चा होणारा ‘थ’ गेला कुठे? पत्थर, पाथरवट यांत तो शाबूत आहे. पठारात मात्र ‘ठ’, आणि तो ‘पृष्ठ’मध्ये आयता बसलेला. याला उत्तर म्हणून ‘पण सगळे असंच मानतात’ एवढंच मिळतं.

असो. तुमचा स्फटिक घ्या. हिरवट निकेल ऑक्साइड. (चुंबकीय म्हणून टाचणी ओढेल असं समजू नका. त्यातले अणुचुंबक एकमेकांविरुद्ध तोंडं करून एकमेकांना खोडतात, आणि ही शिस्त सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते.) आतल्या प्रत्येक निकेलला ऑक्सिजनचे सहा शेजारी, पाठीवरच्याला पाचच, वरची जागा उघडी. तेवढ्यानं त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या सरकतात आणि तो जरा वेगळाच प्रकाश शोषतो. पण साध्या परावर्तनात (इथे ‘परिवर्तन’ लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार) प्रकाश अणूंचे कितीतरी थर आत जाऊन येतो, आणि पाठीचं म्हणणं पोटाच्या गोंगाटात बुडून जातं. म्हणून लेझर टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशात दुप्पट वारंवारतेचा अंश शोधायचा. आत निकेलच्या डावी-उजवीकडे, वर-खाली सगळं जोडीनं असतं, त्यामुळे तिथून तो जवळजवळ निघतच नाही. जोडी मोडते ती पाठीवर. दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मुख्यतः तिथूनच येतो. लेझरचा रंग थोडा थोडा बदलत गेलात की तो कुठे वाढतो, कुठे घटतो ते दिसतं, आणि पाठीचा वर्णपट हातात येतो.

म्हणजे पोट वेगळं आणि पाठ वेगळी, हेच तर तपासायचंय. मग पृष्ठभागाला हसायचं कारण काय?

वर्णपंक्ती राहिलीच. मराठी विश्वकोशात वर्णपट आहे, तोच ठेवा.