‘फायबर’ म्हणतात, पण दारात येते ती वायर कोणती?

प्रश्न : आमचं गाव चिपळूणपासून १२ किलोमीटरवर. मुलगी घरून काम करते, दिवसभर व्हिडिओ कॉल. केबलवाला, टेलिफोन कंपनी आणि गच्चीवरचा ५जी अँटेना असे ३ पर्याय आहेत. पहिले दोघेही ‘फायबर’ म्हणतात, वेग तिघांचाही १०० एमबीपीएस. पावसात वीज वरचेवर जाते. काय घ्यावं?

उत्तर : आधी शेजारच्या घरातली जोडणी बघून या. वायरच्या टोकाला ८ पिनांची पारदर्शक क्लिप असेल, तर ती तांब्याची लॅन वायर. हिरवं किंवा निळं चौकोनी टोक असेल, तर खरं फायबर. बरेच केबलवाले खांबावरच्या पेटीपर्यंतच फायबर आणतात. पेटीतला स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारं यंत्र, विजेवर चालतो. तिथली वीज गेली की तुमच्या इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही. शिवाय कोकणातल्या विजांचा झटका तांब्यातून आला, की राउटरचं पोर्ट जळतं.

खऱ्या फायबरच्या वाटेवरचा स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा) नुसता काचेचा, त्याला वीज लागत नाही. घरातला ओएनटी, म्हणजे फायबर ज्याला जोडतात तो डबा, चालू राहिला की पुरे. तो १२ व्होल्टचा असेल तर मिनी यूपीएस लावा. त्यातली ८,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे ३० वॉट-तास; थोडी वीज वाया जाते हे धरून १० वॉटच्या ओएनटीला अडीच तास निघतात. ओएनटीवरचा लाल ‘लॉस’ (LOS) दिवा लागला की फायबर तुटलंय किंवा दाराच्या फटीत चेपलंय, राउटर बंद-चालू करत बसू नका. जोडणीच्या दिवशीच तंत्रज्ञाच्या मीटरवरचा, फायबरमधल्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा लिहून घ्या : उणे १५ ते उणे २४ डीबीएम उत्तम, उणे २७ च्या खाली गेला तर नेट सतत तुटणार.

तेव्हा टेलिफोन कंपनीचं टोक चौकोनी निघालं तर तेच घ्या. ५जी फक्त फायबर नसेल तर. त्याच कंपनीचं सिम ५जी फोनमध्ये घालून रात्री ९ वाजता गच्चीवर वेग मोजा, अपलोडही. कॉल अडकतात ते बहुधा अपलोडमध्येच. पावसापेक्षा टॉवरच्या रेषेतली ओली झाडं जास्त नडतात.

प्रश्न : १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, मोबाइलवर ३५च दिसतात. फसवणूक का?

उत्तर : बहुधा फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर आहे. राउटरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर मोजा, मग लॅपटॉपला लॅन वायर लावून. वायरवर ९० च्या आसपास आले तर कंपनीचा दोष नाही. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा.