टायरोसिनला आरोपी करू नका

‘विषाणू आणि कर्करोग’ या मागच्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : विट्याजवळ आमची पोल्ट्री आहे. कोंबडीच्या गाठीत विषाणू सापडल्याचं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतंय, चिकन खाल्ल्यानं कॅन्सर होतो का?

नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ पेटन राऊस यांनी १९११ साली ज्या विषाणूबद्दल लिहिलं, तो कोंबड्यांचा. चिकन खाऊन त्यापासून माणसाला कर्करोग झाल्याचा पुरावा नाही, आणि रश्शात शिजल्यावर विषाणू जिवंत राहत नाही. तुमच्या शेडला घोर आहे तो मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाचा. त्याचा विषाणू वेगळ्या कुळातला. पक्षी एक पाय पुढं आणि एक मागं ताणून पडतो, कापून पाहिला तर काळजात गाठी दिसतात. त्याची लस पिल्लाला हॅचरीतच, पहिल्या दिवशी टोचतात. लेअरची पिल्लं उचलताना ती टोचली आहे ना, हे विचारून घ्या.

प्रश्न : मी कराडला एम.एस्सी. करते. राऊसच्या विषाणूचं सार्क प्रथिन टायरोसिनला फॉस्फेट जोडतं, एवढं एका ओळीत पुस्तकात आहे. टायरोसिनच का? आणि तेवढ्यानं पेशी का बिघडते?

पुस्तकाच्या त्या एका ओळीमागं मोठी गंमत आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची गुंफलेली असतात, टायरोसिन हे त्यातलंच एक. सार्क हे किनेझ आहे, म्हणजे ते इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, हे १९७८ साली कळलं. तोवर सेरीन आणि थ्रिओनिन या दोनच अमिनो आम्लांवर किनेझ काम करतात असं सगळे धरून चालले होते. त्यामुळे सार्कच्या खात्यावरही थ्रिओनिनच नोंदलं गेलं.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत टोनी हंटर पॉलिओमा या दुसऱ्या विषाणूचं प्रथिन तपासत होते. किरणोत्सारी फॉस्फेट लावलेलं प्रथिन आम्लात फोडायचं, पातळ थराच्या प्लेटवर ठेवायचं, वीज सोडायची आणि ठिपके कुठवर पळतात ते बघायचं. ठिपका ना सेरीनच्या जागी आला, ना थ्रिओनिनच्या; तो दोघांच्या मध्येच बसला. ते निघालं फॉस्फोटायरोसिन. बफर (म्हणजे प्लेटवरचं ठरावीक आम्लतेचं द्रावण) ताजं न करता पुन्हा वापरल्यामुळे त्याचा पीएच १.९ वरून १.७ पर्यंत घसरला होता. ताज्या बफरमध्ये फॉस्फोटायरोसिन आणि फॉस्फोथ्रिओनिन एकावर एक बसतात, आणि वेगळा ठिपका दिसलाच नसता. (म्हणून तुम्ही शिळं बफर वापरावं असं नाही. प्रॅक्टिकलला मार्क जातील.) मग हंटर आणि त्यांचे सहकारी सेफ्टन यांनी १९८० मध्ये सार्कचंही तेच असल्याचं दाखवलं.

टायरोसिनच का, तर त्याचा हायड्रॉक्सिल गट एका कड्याच्या टोकाला, सेरीनपेक्षा बराच लांब असतो. टायरोसिन किनेझची खोबण तेवढी खोल असते. निरोगी पेशीत फॉस्फेटधारी अमिनो आम्लांच्या दहा हजारांत जेमतेम तीन टायरोसिन सापडतात. राऊसच्या विषाणूनं पछाडलेल्या पेशीत हे प्रमाण सुमारे दहापट होतं.

आता बिघाड कुठं होतो ते पाहा. सार्क मुळात कोंबडीचंच, आणि आपलंही. विषाणूतलं सार्क मुळात कोंबडीचं असल्याचं बिशप आणि व्हार्मस या शास्त्रज्ञांच्या गटानं १९७६ साली दाखवलं आणि त्या दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं. कोंबडीच्या सार्कमध्ये ५३३ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या ५२७ व्या टायरोसिनवर फॉस्फेट बसलं की शेपूट वळून प्रथिनाच्याच अंगाला चिकटते आणि किनेझ बंद राहतं. दाराला आतून कडी लावावी तसं. विषाणूच्या सार्कला शेवटची १९ अमिनो आम्लं नाहीतच. त्यांच्या जागी भलतीच १२ आहेत. कडीच नाही, मग दार लागणार कसं? उघडं पडलेलं हे किनेझ पेशीला तळाशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवरही फॉस्फेट लावत सुटतं. पेशीची पकड सुटते, ती गोल होते, शेजारणीच्या अंगावर चढून वाढते.

स्टीव्ह मार्टिन यांनी १९७० मध्ये या विषाणूचा एक तापमानाला हळवा प्रकार वेगळा केला. ३६ अंशांना पेशी बिघडलेल्या, ४१ अंशांना पुन्हा शहाण्यासारख्या चपट्या. बिघाड टिकवायला त्या एका प्रथिनानं सतत काम करत राहावं लागतं, हे यातून कळलं. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा प्रयोग हाच. परीक्षेत कुणी विचारत नाही, हे दुर्दैव.

प्रश्न : सांगलीत माझे मामा रक्ताच्या कॅन्सरवर इमॅटिनिब घेतात. ती गोळी टायरोसिनवर चालते असं ऐकून घरच्यांनी त्यांचं दूध, पनीर, शेंगदाणे बंद केलेत. बरोबर आहे का?

नाही. दूध, पनीर, शेंगदाणे आजच पुन्हा सुरू करा. गोळी अडवते ती किनेझला, जेवणातल्या टायरोसिनशी तिचं भांडण नाही. किनेझ ज्यावर काम करतं ते टायरोसिन प्रथिनात आधीच गुंफलेलं असतं, आणि फॉस्फेट येतं एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून. एटीपीच्या त्या खोबणीतच ही गोळी जाऊन बसते. शिवाय टायरोसिन तोडलं तरी शरीर ते फिनाइलअलॅनिनपासून बनवतं. उपासमार होईल ती मामांची. गोळी जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. ग्रेपफ्रूट टाळायचं (आपली द्राक्षं नव्हेत, तासगावकरांनी घाबरू नये). बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडायची नाही.

प्रश्न : मी जत तालुक्यात आशा सेविका आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एचपीव्ही विषाणूसुद्धा असाच टायरोसिनवर काम करतो का?

त्याची मुख्य चाल वेगळी. त्याच्या ई-सेव्हन प्रथिनात ल्युसिन, सिस्टेइन आणि ग्लुटामेट ही अमिनो आम्लं ठरावीक अंतरानं बसलेली एक छोटी पट्टी असते. तिनं ते पेशीच्या आरबी या राखणदार प्रथिनाला धरतं आणि निकामी करतं. ई-सिक्स हे त्याचं दुसरं प्रथिन पी-फिफ्टीथ्री या पेशीच्या आणखी एका राखणदाराचा निकाल लावतं. बायाबापड्यांना हे सांगायची गरज नाही. या कॅन्सरला प्रामुख्यानं कारण असलेल्या १६ आणि १८ या प्रकारांवर लस आहे, पुण्यातही बनते, आणि ती मुलींना लागण होण्याआधी द्यायची असते. लस घेतली तरी पुढं वेळच्या वेळी तपासणी करायचीच, हेही सांगा.

प्रश्न : साताऱ्यात जिममध्ये टायरोसिनची पावडर घ्या म्हणतात. घेऊ का? कॅन्सर तर होणार नाही ना?

वर लिहिल्याप्रमाणे खाल्लेल्या टायरोसिननं किनेझ उघडत नाही, त्यामुळे ती भीती नको. पण डाळ, अंडी, दूध पोटात जात असेल तर पावडरीवर पैसे कशाला? थायरॉइडची किंवा नैराश्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका.