लडाखला निघायच्या आधी कॅमेऱ्याचं एवढं कर

पहिल्यांदाच लडाखला चाललायस ना, मग कॅमेरा आदल्या रात्री बॅगेत कोंबू नकोस, निदान आठवडाभर आधी बाहेर काढ. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ/१६ इतकं बारीक ठेवून पांढऱ्या भिंतीचा जरा आउट ऑफ फोकस फोटो काढ आणि झूम करून बघ, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ आहे. ब्लोअर, म्हणजे दाबून हवा सोडायचा रबरी फुगा, मार, तोंडाने फुंकर अजिबात नाही, थुंकी उडते आणि मग सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. जुने फोटो दोन ठिकाणी कॉपी झाले की मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट कर.

खरी काळजी बॅटरीची. लेहच ३,५०० मीटरवर, पँगाँग तलाव त्याहून वर, तिथल्या थंडीत फुल चार्ज बॅटरी पण बघता बघता खाली येते, म्हणून निदान दोन एक्स्ट्रा घे आणि जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेव, रात्री पांघरुणात घेऊन झोप. माझी एक बॅटरी पँगाँगला पहाटे अगदी उजाडताना बसली, ती खिशात गरम केल्यावर परत चालली पण तो उजेड गेला तो गेलाच, अजून वाईट वाटतं. विमानात सुट्ट्या बॅटऱ्या हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

आणि हो, थंडीतून गरम खोलीत येताना कॅमेरा आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद कर, तासभर उघडू नकोस, नाहीतर लेन्सवर दव धरतं. हुंडर गावाजवळच्या वाळूत लेन्स बदलूच नकोस.