दुधीचं तण, शेराचा चीक आणि दुकानदाराचा डोस

या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांत तोडलं की पांढरा चीक गळणारं एकच कूळ पुन्हा पुन्हा येतंय. चोपड्याहून कपाशीतल्या दुधीच्या तणाबद्दल, शहाद्याहून कुंपणाला लावतात त्या शेराच्या चिकाच्या फवाऱ्याबद्दल, पारोळ्याहून दुधीच्या काढ्याबद्दल आणि साक्रीहून ‘पेट्रोल देणाऱ्या’ शेराबद्दल. ही सगळी युफोर्बिया वंशातली, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

चोपडा: कपाशी 35 दिवसांची. पेंडीमिथॅलीन हे तणनाशक मारूनही मोठी दुधी माजली. दुकानदार दोन औषधं एकत्र करून पंपाला 40 मिली टाकायला सांगतो. मारू का?

नाही. पेंडीमिथॅलीनचा जोर गवतवर्गीय आणि बारीक बियांच्या तणांवर असतो, मोठी दुधी त्याला फारशी दाद देत नाही. ती एकदाच उगवून थांबतही नाही, पाऊस झाला की नवी फळी वर येते. आता दुकानदाराचं मिश्रण बघा. त्यातलं क्विझॅलोफॉप फक्त गवताचं औषध आहे, दुधीचं त्याने पानही वाकडं होत नाही. दुसरं पायरीथायोबॅक सोडियम 10 टक्के. ते कपाशीत चालतं, पण एकरी 250 ते 300 मिली, 200 लिटर पाण्यात. म्हणजे 15 लिटरच्या पंपाला साधारण 20 मिली. तेही तण दोन ते चार पानांवर असताना आणि जमिनीत ओल असताना. तुमची दुधी टोंगळ्याला लागली. आता 40 काय, 60 मिली टाकलं तरी शेंडा करपेल आणि खालच्या पेरांतून चार फुटवे निघतील. कपाशी मात्र पिवळी पडून थबकेल. वेळ गेल्यावर डोस वाढवून वेळ परत येत नाही, हे या भागात दरवर्षी सांगावं लागतं.

सोयाबीनवाल्यांनीही ऐकून ठेवा. तुमचं तणनाशक इमॅझेथापायर 10 टक्के एकरी 400 मिली, पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांत. दुप्पट मारलं तर अवशेष जमिनीत राहून रब्बीच्या मक्याला आणि दादर ज्वारीला भोवतात. आणि ‘औषध बदलून मारा’ म्हणून दुकानदार पुढच्या वर्षी दुसरी बाटली देतो तेव्हा गट विचारा, म्हणजे औषध तणाला कोणत्या रीतीने मारतं ते. इमॅझेथापायर आणि पायरीथायोबॅक एकाच गटातली आहेत, बदलतं ते फक्त लेबल. ब्राझीलच्या सोयाबीनमध्ये दुधीची सख्खी जात 1990च्या दशकातच या गटाला जुमानेनाशी झाली. आपल्याकडे तो दिवस यायला घाई नको.

मग करायचं काय? कोळपं काढा. वाफसा आला की ओळींमध्ये कोळपणी, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि ओळीतली दुधी हाताने निंदून काढा. सगळा खेळ फुलाच्या आधीचा. शेंड्याच्या पानांच्या झुपक्यात हिरवट बारीक फुलं दिसली की समजा उशीर होतोय. प्रत्येक बोंडात तीन बिया असतात आणि बोंड वाळलं की तडकून त्या लांब उडतात. फुलावर आलेली दुधी उपटून बांधावर टाकू नका, शेताबाहेर न्या. टाकण्याआधी दोन-चार पानं उलटून बघा, पांढरी माशी तिथेच दबा धरून सापडेल. मिरची आणि पपईवाल्यांनी तर धुऱ्यावरची दुधीसुद्धा ठेवू नये, पानं आकसणारा विषाणू हीच माशी पसरवते. मजूर मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे. पॉवर विडरला, म्हणजे तण काढायच्या यंत्राला, अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर पैसे मिळत नाहीत. बाकी कृषी सहायकाला विचारा.

एक आठवण: बांधावर 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप न धुता कपाशीत नेऊ नका. पानं चिंबून बोटांसारखी लांबतात आणि लोक त्याला विषाणू समजून आणखी चार फवारे मारतात.

शहादा: शेराच्या चिकाचं ‘जैविक’ औषध पपईवर मारावं का? दुकानदार म्हणतो, ‘काही व्हत नही.’

व्हतं, भाऊ. डोळा जातो. शेराच्या चिकात कातडी आणि बुबुळ भाजणारी डायटर्पीन द्रव्यं असतात. कुंपण छाटताना एक थेंब डोळ्यात उडाला तर सुरुवातीला फक्त चुरचुरतं, काही तासांनी सूज येऊन दिसेनासं होतं. अशा वेळी स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. तूप, मध, दूध काही घालू नका. अशा द्रव्याचा पंपातून धुरळा करायचा म्हणजे काय, विचार करा.

शास्त्रात काही आधार आहे का? आहे. या वंशातल्या झाडांच्या चिकाने गोगलगायी मरतात, डासांच्या अळ्या मरतात, काही अर्कांनी सूत्रकृमीही मरतात. पण बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतला आहे. चिकाची तीव्रता झाडागणिक आणि हंगामागणिक बदलते, मग प्रमाण कोण ठरवणार? बाटलीवर ‘कीड मारते’ असा दावा असेल तर 1968च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी क्रमांक हवा. क्रमांक नाही, पक्कं बिल नाही, तर बाटली परत करा. उरलेलं विहिरीत किंवा नाल्यात ओतू नका, शेराच्या चिकाने मासे मरतात. वनस्पतीजन्यच हवं असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क आहे: 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळून पाणी 100 लिटर करा, संध्याकाळी फवारा.

पारोळा: डेंग्यूत प्लेटलेट वाढायला दुधीचा काढा द्यावा का? आणि मूळव्याधीला निवडुंगाचा चीक?

डेंग्यूसाठी नायटी दुधी ही दुधीची वेगळी जात फिलिपाइन्समध्ये लोक वापरतात, पण माणसांवरचा पक्का पुरावा नाही. काढ्याच्या भरवशावर दोन दिवस घरी काढले तर जिवावर बेतेल, दवाखान्यात जा. निवडुंगाची गोष्ट वेगळी. भगंदरासाठीच्या क्षारसूत्राला, म्हणजे औषधी दोऱ्याला, त्याच्या चिकाचे 11 लेप, मग आघाड्याचा क्षार आणि हळद, असे 21 लेप देतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपेक्षा यात दुखणं कमी उलटलं, जखम भरायला मात्र जास्त वेळ लागला. ते काम तज्ज्ञ वैद्याचं. घरी मूळव्याधीला चीक लावू नका, चामखिळीलाही नाही. परदेशात याच वंशातल्या एका तणापासून त्वचेचं मलम झालं, अमेरिकेत 2012 साली मंजूरही झालं. युरोपने 2020 साली ते मागे घेतलं, कारण त्वचेच्या कर्करोगाची शंका. मोजूनमापून केलेल्या औषधाची ही गत, तर काडीने लावलेल्या चिकाची हमी कोण देणार?

साक्री: शेराची लागवड करा, तेल होतं, रोपं आम्ही देतो, असं एक जण सांगतो.

कल्पना जुनी आहे. नोबेलविजेते मेल्विन कॅल्व्हिन यांनी 1970च्या दशकात या झाडांच्या चिकापासून इंधनाचा विचार मांडला होता, खर्चाचा मेळ बसला नाही. इंधनासाठीच लावलेल्या मोगली एरंडाच्या वेळचा कडू अनुभव आठवा. स्टॅम्पपेपरवर खरेदीचा दर आणि उचलण्याची तारीख लिहून देत असेल तर कागद आमच्याकडे आणा, तोवर रोपांना पैसे देऊ नका. बांधावरचा शेर आहे तसा राहू द्या, छाटताना चष्मा घाला आणि वारा पाठीवर घ्या.