मिसुरी व्हॅली दुय्यम आहे का? बिग टेनच्या सहा गेल्या, सोळात एकही नाही

तुमचा प्रश्न असा: मुलगी ऑगस्टपासून अमेरिकेत पिओरियाला, ब्रॅडली युनिव्हर्सिटीत एमएस करायला जाणार आहे. तिथली सीनियर मुलं सांगतात की कॉलेज बास्केटबॉल बघायलाच हवं. तर ब्रॅडली ज्या मिसुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये खेळते ती बाकीच्या मिड-मेजर, म्हणजे बड्या लीगच्या खालच्या मधल्या फळीतल्या, लीगच्या मानाने कशी आहे, की अगदीच दुय्यम?

'दुय्यम' वाचलं आणि राहवलं नाही. मी 2004 ते 2006 त्याच गावात, त्याच कॉलेजात होतो आणि हा शब्द मी तेव्हापासून ऐकतोय.

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. अलीकडची चार-पाच वर्षं धरली तर माउंटन वेस्ट ही लीग व्हॅलीच्या वर आहे. अटलांटिक टेनही वर आहे. वेस्ट कोस्ट लीग म्हणजे गोंझागा आणि सेंट मेरीज, त्या दोघी सोडल्या तर तिथे व्हॅलीपेक्षा भारी काही नाही. हे मी व्हॅलीचा माणूस असून लिहितोय, कारण खरं आहे ते आहे. 2024 मध्ये माउंटन वेस्टच्या सहा टीम एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्चमधल्या देशपातळीवरच्या बाद स्पर्धेत, गेल्या आणि व्हॅलीची एकटी ड्रेक गेली. पण मागे आणि दुय्यम यात फरक आहे. 1907 साली सुरू झालेली ही लीग आहे, पहिल्या दर्जाच्या कॉन्फरन्समध्ये बिग टेन या बड्या लीगखालोखाल सगळ्यात जुनी. सिनसिनाटीने 1961 आणि 1962 ला देशाचं विजेतेपद मिळवलं ते व्हॅलीत असताना. लॅरी बर्ड इंडियाना स्टेटचा, म्हणजे व्हॅलीचाच. 1979 ला 33 सामने जिंकून तो फायनलला उतरला आणि तिथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून हरला. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल घराघरात पोचलं ते त्या सामन्याने.

आता माझं सांगतो.

माझा मावसभाऊ माझ्याआधी दोन वर्षं अमेरिकेत आला होता. मी त्याला दादाच म्हणतो. तो पुण्याचा, आणि बिग टेनमधल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत शिकत होता. मी मिरजेचा. माझं ब्रॅडलीला ठरलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "अरे, ते कॉलेज कुणाला माहीत आहे?" पुढे मी ब्रॅडलीच्या कार्व्हर अरिनात जाऊन सामने बघायला लागलो, त्याला कौतुकाने सांगायला लागलो, तर म्हणाला, "ते रे काय, तालुका पातळीवरचं बास्केटबॉल." मिरजेच्या मुलाला तालुका पातळी म्हणजे काय वाटतं, ते पुण्याच्या माणसाला कळत नाही. आम्ही शाळेत सिमेंटच्या कोर्टवर, एक रिंग वाकलेली, अशा परिस्थितीत खेळून जिल्ह्याला गेलेलो.

खेळ मला समजावला तो खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी. कॅटरपिलर कंपनीतून निवृत्त झालेले, एकटे राहायचे, दाराला हिवाळाभर ब्रॅडलीचं लाल निशाण. ते शाळकरी पोर असताना, 1950 मध्ये, ब्रॅडली एनआयटी (ही दुसरी देशपातळीवरची स्पर्धा) आणि एनसीएए अशा दोन्ही फायनल एकाच मोसमात एकाच टीमकडून हरली होती, सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्ककडून. छपन्न वर्षं झाली तरी तो विषय निघाला की त्यांचा आवाज उतरायचा. ब्रॅडलीचं जुनं अरिना, फील्ड हाउस, तेव्हा अजून उभं होतं, महायुद्धातले विमानांचे उरलेले हँगर आणून बांधलेलं. तिथे त्यांनी ऑस्कर रॉबर्टसनला सिनसिनाटीकडून खेळताना पाहिलं होतं आणि ब्रॅडलीच्या चेट वॉकरला तर किती वेळा. मॅन-टू-मॅन आणि झोन यातला फरक त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून शिकवला.

2006 च्या मार्चमध्ये व्हॅलीच्या चार टीम एनसीएएला निवडल्या गेल्या: विचिटा स्टेट, सदर्न इलिनॉय, नॉर्दर्न आयोवा आणि ब्रॅडली. त्या वर्षी एसीसी या बड्या लीगलाही चारच जागा होत्या. सीबीएस चॅनेलवर त्याच संध्याकाळी समालोचक बिली पॅकर आणि जिम नँट्झ यांनी निवड समितीच्या अध्यक्षांना यावरून धारेवर धरलं. व्हॅलीला एसीसीइतक्या जागा कशा, हा त्यांचा मुद्दा. दादाचा फोन लगेच. "बघ, टीव्हीवरचे पण तेच म्हणतायत." व्हॅलीची पाचवी टीम, मिसुरी स्टेट, आरपीआय या क्रमवारीत 21 वी असून बाहेर राहिली होती, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी, 17 मार्चला, ब्रॅडली विरुद्ध कॅन्सस. आम्हाला तेरावं मानांकन, त्यांना चौथं. होळी नुकतीच झाली होती, फ्रीजमध्ये पुरणपोळ्या होत्या. आमचा टीव्ही सेकंडहँड, अँटेना खिडकीला टेकवला तरच सीबीएस दिसायचं, म्हणून एकजण खिडकीपाशी उभा. कुकर लावलेला. शेवटच्या दोन मिनिटांत कुकरच्या शिट्ट्या झाल्या, चार झाल्या, सहा झाल्या, कुणी जागचं हललं नाही. 77-73. ब्रॅडली जिंकली. भात करपला. तेवढ्यात दारावर थापा. आजोबा. लाल स्वेटर, पायात चप्पलसुद्धा नाही, जिना चढून धाप लागलेली. त्यांनी मला मिठी मारली आणि काही बोललेच नाहीत. मी त्यांना पुरणपोळी दिली, त्यांनी ती उभ्याउभ्या खाल्ली.

दादाला फोन केला. उचलला नाही. रविवारी पिट्सबर्गशी सामना, पाचवं मानांकन. आमचा सात फुटी सेंटर पॅट्रिक ओब्रायंट त्या दिवशी कुणाला आवरला नाही, 28 पॉइंट. 72-66. पुन्हा फोन केला, पुन्हा उचलला नाही. विचिटा स्टेटही टेनेसीला हरवून अंतिम सोळात पोचली. पुढच्या गुरुवारी ओकलंडमध्ये ब्रॅडली मेम्फिसकडून 80-64 अशी हरली आणि सामना संपून दोन मिनिटं झाली नसतील, दादाचा फोन. "झालं ना? आले ना जमिनीवर?"

मला त्या रात्री उत्तर सुचलं नाही. ते आता देतो, कारण तुमच्या प्रश्नाचंही तेच उत्तर आहे. 2006 ला एसीसीच्या चार टीमपैकी दोन अंतिम सोळात गेल्या. व्हॅलीच्या चारपैकी दोन. दादाच्या बिग टेनच्या सहा टीम निवडल्या गेल्या होत्या. ओहायो स्टेट, आयोवा, इलिनॉय, मिशिगन स्टेट, विस्कॉन्सिन, इंडियाना. सोळात त्यातली एकही नाही. सहाच्या सहा पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत घरी. लीग मोजायची तर अशी मोजा. समोर उभं केल्यावर काय होतं ते बघा.

आणि समोर उभं करतच नाहीत, हेच खरं दुखणं आहे. पूर्वी आरपीआय होता, 2018-19 च्या मोसमापासून त्याच्या जागी नेट ही क्रमवारी आहे. नेटमध्ये विजयाचे चार वर्ग असतात. पहिल्या वर्गाचा विजय म्हणजे घरच्या कोर्टवर पहिल्या 30 मधल्या टीमला किंवा बाहेर जाऊन पहिल्या 75 मधल्या टीमला हरवणं. मोठ्या लीगमधल्या टीमला अशी संधी आठवड्याआड आपोआप मिळते, कारण त्यांच्याच लीगमध्ये तशा टीम भरलेल्या. व्हॅलीत वीस सामने आपापसात होतात आणि तिथे अशा संधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाहेरून मिळवाव्यात तर मोठी कॉलेजं पिओरियाला, टेरे होटला, सीडर फॉल्सला, म्हणजे व्हॅलीच्या गावांत, यायला तयार नाहीत. हरले तर तोंड दाखवायला जागा नाही आणि जिंकले तर मोठंसं काही मिळत नाही. मग मार्चमध्ये समिती विचारते, मोठे विजय कुठे आहेत?

2024 ला हे मी डोळ्यांनी पाहिलं. सेंट लुईसला व्हॅलीची स्पर्धा होते, आर्च मॅडनेस, 1991 पासून त्याच गावात. मी लेकीला घेऊन गेलो होतो. फायनलला इंडियाना स्टेट आणि ड्रेक. इंडियाना स्टेटचा रॉबी अविला, डोळ्यांवर जाड गॉगल बांधून खेळणारा सेंटर, उंच असूनही गार्डसारखे पास देतो. लेक तेव्हा नऊची, तिला तो इतका आवडला की परतताना तसलाच गॉगल हवा म्हणून बसली. ड्रेकने 84-80 ने सामना काढला, म्हणजे एनसीएएची थेट जागा ड्रेकची. नेटमध्ये इंडियाना स्टेट पहिल्या तिसात होती, म्हणून गाडीत मी लेकीला सांगितलं, काळजी करू नको, पुढच्या रविवारी समितीच्या यादीत नाव येणार. नाव आलं नाही. एसीसीची व्हर्जिनिया मात्र आत गेली आणि पहिल्याच सामन्यात कोलोराडो स्टेटकडून 67-42 अशी हरली. 42 पॉइंट! इंडियाना स्टेट एनआयटीत फायनलपर्यंत गेली आणि सेटन हॉलकडून दोन पॉइंटने हरली. मला लेकीला काय समजवावं तेच कळेना.

हा प्रश्न फक्त मानाचा नाही. एनसीएए स्पर्धेत टीम जितके सामने खेळते त्याप्रमाणे तिच्या कॉन्फरन्सला पैसे मिळतात आणि ते पुढे सहा वर्षं येत राहतात. दुसरी टीम आत गेली नाही की पैसे गेले. पैसे नाहीत की कोच जातो आणि त्याच्यामागे खेळाडू. इंडियाना स्टेटचा कोच जॉश शर्ट्झ अटलांटिक टेनमधल्या सेंट लुईस युनिव्हर्सिटीला गेला, अविला त्याच्याबरोबर. ड्रेकचा कोच बेन मॅकॉलम एका वर्षात 31 विजय मिळवून आयोवाला गेला, आपला खेळाडू बेनेट स्टर्ट्झला घेऊन. 2021 पासून खेळाडूंना वर्ष न गमावता कॉलेज बदलता येतं आणि स्वतःच्या नावावर कमावताही येतं. खेळाडूंच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पोटाचा प्रश्न आहे. पण घडवायचं व्हॅलीने आणि मिरवायचं दुसऱ्याने, असं चाललंय. लीगमधल्या टीमचंही तेच. क्रेटन 2013 ला बिग ईस्टला गेली, लोयोला शिकागो 2022 ला अटलांटिक टेनला, आणि विचिटा स्टेट 2017 ला व मिसुरी स्टेट 2025 ला आणखी वेगळ्या लीगमध्ये. त्यांच्या जागी बेलमॉन्ट, मरे स्टेट आल्या, चांगल्या टीम आहेत, पण विचिटाची जागा भरून निघालेली नाही.

तरीही तुलना करायची तर ही करा. अटलांटिक टेनमधून शेवटची फायनल फोर (म्हणजे एनसीएएच्या शेवटच्या चार टीम) गाठली ती 1996 ला मॅसॅच्युसेट्सने, आणि तीही नंतर नोंदीतून काढली गेली. व्हॅलीतून 2013 ला विचिटा स्टेट गेली, नववं मानांकन असून गोंझागाला हरवून. 2018 ला लोयोला गेली, अकरावं मानांकन असून. मधे 2010 ला नॉर्दर्न आयोवाच्या अली फारोखमनेशने अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला असताना, कुणीही चेंडू धरून उभं राहिलं असतं तिथे, तीन पॉइंटचा शॉट मारला आणि पहिल्या मानांकनाच्या कॅन्ससला घरी पाठवलं. माउंटन वेस्टच्या नावावर फायनल फोर एकच आहे, सॅन डिएगो स्टेट, 2023. सहा-सहा जागा मिळूनही.

एक-दोन गोष्टी राहिल्या. वर मी माउंटन वेस्ट आणि वेस्ट कोस्टबद्दल लिहिलं ते 2025 पर्यंतचं. 2026 च्या उन्हाळ्यात सॅन डिएगो स्टेट, बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि गोंझागा नव्याने उभ्या राहणाऱ्या पॅक-12 लीगमध्ये जायचं ठरलेलं, तेव्हा हा क्रम बदलणारच. दुसरं म्हणजे 2006 हे व्हॅलीचं सर्वात चांगलं वर्ष होतं आणि मी नेमकं तेच धरून बोलतोय, हे मला कळतं. ब्रॅडली त्यानंतर खूप वर्षं चाचपडली. 2019 ला व्हॅलीची स्पर्धा जिंकून पुन्हा एनसीएएला गेली, मिशिगन स्टेटशी शेवटपर्यंत झुंजली आणि हरली.

मुलीला सांगा, पहिल्याच हिवाळ्यात कार्व्हर अरिनात जा, डिसेंबरची वाट बघू नको. गावात दुसरं काही नसतं आणि असतं तरी मी हेच सांगितलं असतं. लाल काहीतरी घालून जावं. शेजारी कुणी म्हातारं माणूस बसलं असेल तर त्यांना 1950 बद्दल विचारावं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडीची सोय करून सेंट लुईसला जावं, पावणेतीन तास लागतात, चारजण मिळून हॉटेल परवडतं. आणि मोठ्या युनिव्हर्सिटीतले नातेवाईक फोनवर काही बोलले तर फोन ठेवू नये, आकडे पाठ ठेवावेत. मी 2006 ला ठेवले नव्हते.

आजोबा 2011 ला गेले. त्यांचा लाल स्वेटर त्यांच्या मुलीने मला दिला, कोपराला विरलेला आहे. सेंट लुईसला मी तोच घालून जातो.