इंडिकेटरनं दांडी मारली

प्रश्न: नमस्कार काका. माझी कार 24 वर्षांची आहे, इंजिन अजून ठणठणीत. मागच्या महिन्यात वळताना इंडिकेटर दिला आणि दांडी सरळ हातातच आली, मुळाशी बोटाच्या पेराएवढा खुंट तेवढा उरलाय. सुपरग्लूनं दोनदा चिकटवली, पहिल्यांदा आठवडाभर टिकली, दुसऱ्यांदा पहिल्याच वळणाला गेली. आता तो खुंट बोटानं ढकलून काम चालवतोय. मेकॅनिक म्हणतो अख्खा स्विच बदलायचा आणि त्यासाठी स्टिअरिंग काढायचं. नुसती दांडी मिळत नाही का? आणि हे घरी जमेल का? स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे.

उत्तर: तुमचा मेकॅनिक फसवत नाहीये, पण स्टिअरिंग काढायचंच असं मात्र नाही, ते गाडीवर आहे. तिकडे येतोच, आधी गोंदाचं बोलू, कारण दर महिन्याला कोणीतरी हाच प्रयोग करून मला लिहितं.

सुपरग्लू टिकत नाही याचं कारण गोंद वाईट असतो असं नाही. त्या दांडीच्या टोकाला बोट लागतं आणि सगळा जोर येतो मुळाशी, जिथे ती तुटलीय नेमकी तिथेच, म्हणजे प्रत्येक वळणाला तुम्ही तो सांधा तरफेसारखा उचकटताय. सुपरग्लू वाळला की कडक आणि ठिसूळ होतो, ओढ सोसतो पण वाकवणं सोसत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे तो पाण्यासारखा पातळ असतो, फटीतून झिरपत आतल्या पट्ट्यांवर गेला की चालू असलेला स्विचही जाम होतो. त्यामुळे तिसऱ्यांदा चिकटवू नका. तात्पुरतं करायचंच असेल तर दोन्ही तुकड्यांच्या तुटक्या टोकांना बारीक भोक पाडून आत लोखंडी तार किंवा खिळ्याचा तुकडा घालून इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा, ते काही दिवस ओढेल. पण आधी तुटलेल्या टोकाकडे नीट बघा. दांडीच्या टोकाला फिरवायचा लाइटचा स्विच असेल तर दांडी पोकळ असते आणि आतून वायरी जातात. तिथे ड्रिल घातलंत तर इंडिकेटरसाठी हेडलाइट गमवाल.

आता नुसती दांडी मिळण्याचं. काही गाड्यांत ती वेगळी मिळते, एका पिनवर किंवा दोन बारीक स्क्रूवर बसलेली असते. पण बहुतेक गाड्यांत दांडी आणि स्विच एकच तुकडा, त्यालाच आपण कॉम्बिनेशन स्विच म्हणतो, एका बाजूला इंडिकेटर, लाइट आणि डिपर, दुसऱ्या बाजूला वायपर. त्यातही दोन जाती. एका जातीत डावी-उजवी बाजू वेगवेगळी असते आणि मधल्या चौकटीतून प्रत्येक बाजू आडवी सरकवून निघते, दोन स्क्रू किंवा दोन खटके, बस. स्टिअरिंगला हात लावायचं काम नाही. दुसऱ्या जातीत सगळं मिळून एकच कडं असतं, स्टिअरिंगच्या दांड्यावर बांगडीसारखं घातलेलं, आणि बांगडी काढायची तर वरचं स्टिअरिंगचं चाक काढल्याशिवाय ती निघणार कशी? तुमची कुठली जात हे कळायला फक्त खालचं कव्हर उघडा आणि टॉर्च मारून बघा. या बघण्यातच अर्ध्या लोकांचं काम निम्म्यावर येतं.

कव्हर उघडताना एक सांगतो, जुन्या गाडीत स्विचपेक्षा कव्हरच जास्त मोडतात. इतकी वर्षं उन्हात तापून प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. स्टिअरिंग खाली करता येत असेल तर पूर्ण खाली करा, खालून स्क्रू काढा (बहुधा 3 ते 5, त्यातला एखादा चावीच्या खाचेजवळ लपलेला असतो किंवा स्टिअरिंग पाव फेरी फिरवल्याशिवाय दिसतच नाही), आणि तरीही कव्हर हलत नसेल तर ओढू नका, आणखी एक स्क्रू राहिलाय असं समजा. गाडी थंड असेल तर हेअर ड्रायरनं जरा ऊब द्या, खटके मऊ पडतात. उचकटायला स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची जुनी पट्टी घ्या.

आता समजा तुमचं नशीब बांगडीवालं निघालं. मग एअरबॅगचा प्रश्न येतो आणि इथे मी स्पष्ट बोलणार, राग मानू नका. एअरबॅग म्हणजे स्फोटक भरलेली वस्तू आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली तरी एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ वीज साठलेली असते, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग फुगावी म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे वायर काढल्यावर तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं, आणि तो माहीत नसेल तर हे काम तुमचं नाही. बॅग काढली की कापडाची वा शोभेची बाजू वर करून ठेवायची, पालथी कधीच नाही, आणि तिच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) अजिबात लावायचा नाही. मी स्वतः अशा गाड्यांवर काम करतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याला एवढंच सांगेन की स्टिअरिंग काढायचा भाग जाणत्या माणसाकडून करून घ्या. स्विच आणायचं, कव्हर उघडायचं काम तुमचं. त्यात कमीपणा काही नाही.

तरी त्या माणसाच्या शेजारी उभं राहून काय बघायचं ते सांगतो, कारण घाईत इथेच घोटाळे होतात. बॅटरी काढण्याआधी पुढची चाकं सरळ आणि स्टिअरिंग मधोमध हवं. जुन्या रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा, नाहीतर स्विच नवीन आणि गाणी बंद. नट सैल करताना स्टिअरिंगचं चाक हातानं धरायचं, स्टिअरिंग लॉकच्या आधारावर जोर लावायचा नाही, लॉकची जीभ तुटते. नट पूर्ण काढायचा नाही, 3-4 आटे राहू द्यायचे आणि मग चाक मागून आळीपाळीनं डावी-उजवीकडे ओढायचं, कारण ते सुटतं तेव्हा एकदम सुटतं आणि नट नसेल तर थेट दातांवर येतं. अडकलं तर पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) लावायचा. दांड्यावर हातोडा हाणणारा माणूस दिसला तर सरळ थांबवा, जुन्या गाड्यांतही तो दांडा अपघातात आत दबावा असा केलेला असतो, त्याला आणि बेअरिंगला ते सोसत नाही. चाक निघण्याआधी दांड्यावर आणि चाकावर मार्करनं एकच रेघ, म्हणजे परत लावताना एक खाच इकडे-तिकडे होत नाही, नाहीतर गाडी सरळ चालते आणि स्टिअरिंग वाकडं.

चाकाच्या मागे एक चपटी गोल डबी दिसेल, आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते, तिच्यातूनच एअरबॅगला आणि हॉर्नला वीज जाते. ती डबी काढल्याबरोबर टेपनं चिकटवून ठेवायची, फिरू द्यायची नाही. ती एखादी फेरी जरी सरकली तरी त्या दिवशी काही होत नाही, पण पुढे कधीतरी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की आतली पट्टी तटकन तुटते, हॉर्न गप्प आणि एअरबॅगचा दिवा चालू, आणि मग कोणाला आठवतं की स्विच बदलला होता?

स्विच घेताना गाडीचं नाव आणि साल एवढ्यावर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये फॉगलाइटवाला, बिनफॉगलाइटवाला असे वेगवेगळे येतात. जुना स्विच काढून मागचा नंबर वाचा, पिना मोजा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. दांडी कुठल्या बाजूला हेही बघा, जपानी पद्धतीच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत इंडिकेटर बहुधा उजव्या हाताला असतो, युरोपियन गाड्यांत डाव्या, दुसऱ्या बाजारातल्या गाडीतून काढलेला जुना भाग असेल तर इथे फसगत होते. जुना भाग घेणं वाईट नाही, पण लक्षात ठेवा तोही तुमच्या गाडीच्याच वयाचं प्लास्टिक आहे. बसवण्याआधी दांडी हलवून खट असा आवाज स्वच्छ येतो का बघा आणि मल्टिमीटरनं प्रत्येक बाजूची जोडणी तपासा. स्टिअरिंगला हात न लावता काम झालं असेल तर कनेक्टर जोडून, कव्हर लावण्याआधीच सगळं चालवून बघा. पण एअरबॅग सुटी असेल तेव्हा चावी फिरवायची नाही, फिरवलीत की सिस्टिम बिघाड नोंदवून ठेवते आणि तो दिवा मग स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही.

एक राहिलंच. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट या स्विचमधूनच जातो, मध्ये रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) नसतो. 55 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टवर 9 अँपिअरच्या वर, बारीकशा पितळी पट्टीवर. जुना स्विच काढल्यावर त्याचे कनेक्टर करपलेले, पिवळे-तपकिरी दिसले तर नुसता नवीन स्विच लावून उपयोग नाही, तोही तसाच भाजेल. कनेक्टर बदला आणि हेडलाइटला रिले टाका. दिवे उजळतील ते वेगळंच.

प्रश्न: दादा, मी दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला कॉम्बिनेशन स्विच टाकून घेतला. इंडिकेटर लागतो पण वळण झाल्यावर दांडी आपोआप परत येत नाही, म्हणजे डावीकडची येते, उजवीकडची नाही. स्विच खराब आहे का?

उत्तर: लगेच दुकानदाराशी भांडू नका. स्टिअरिंगच्या मागे एक छोटा उंचवटा चाकाबरोबर फिरत असतो आणि स्विचमध्ये दोन बाजूंना दोन छोटी बोटं असतात. तुम्ही उजवा इंडिकेटर दिलात की एक बोट पुढे येतं, वळताना उंचवटा त्याच्यावरून घसरून जातो, आणि स्टिअरिंग सरळ करताना तोच उंचवटा उलट येऊन बोटाला ठोकतो आणि दांडी मागे ढकलतो. सगळं एवढंच. इलेक्ट्रिकल काही नाही, निव्वळ ढकलाढकली. 1940 च्या ब्यूइक गाड्यांत आपोआप परतणारा इंडिकेटर आला, तेव्हापासून कल्पना तीच आहे.

एका बाजूचं होतं आणि दुसऱ्या बाजूचं नाही म्हणजे एक तर ते बोट तुटलंय, नाहीतर उंचवटा बसलाय थोडा फिरून. स्विचवर सुटी फिरणारी रिंग असेल तर तिच्या खाचेत चाकाचा खुंट नीट बसला नसण्याची शक्यता जास्त, मेकॅनिकनं चाक दाबून बसवताना रिंग बघितली नसेल. दोन्ही बाजूंचं बंद असतं तर मी म्हटलं असतं की चाक पूर्ण खालपर्यंत बसलेलंच नाही, आणि मग नट आजच्या आज तपासा, गाडी हलवू नका. तुमच्या बाबतीत चाक पुन्हा काढून बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. बोट तुटलेलं निघालं तर मग जरूर भांडा.

प्रश्न: नवीन स्विच बसवल्यापासून डावा इंडिकेटर दुप्पट वेगानं टकटक करतो. स्विच परत करू का?

उत्तर: नको. हा स्विचचा दोष जवळपास कधीच नसतो. एका बाजूला पुढे-मागे 21-21 वॉटचे दोन बल्ब असतात, त्यातला एक गेला की करंट निम्मा होतो आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग, मुद्दाम वेग वाढवून तुम्हाला सांगतो की बाबा एक बल्ब गेलाय. बाहेर उतरून दोन्ही दिवे बघा. दोन्ही लागत असतील तर होल्डरमधला गंज आणि अर्थिंगची वायर बघा, आणि कोणी एलईडी बल्ब टाकलाय का तेही, एलईडी इतका कमी करंट घेतो की फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखंच वाटतं. मिनिटाला 60 ते 120 वेळा उघडझाप ठीक समजतात, 15 सेकंदांत मोजलं तर 15 ते 30.

गाडी खूप जुनी असेल आणि फ्लॅशर तापून चालणारा, धातूच्या पट्टीचा असेल तर गंमत उलटी होते, बल्ब गेला की वेग कमी होतो किंवा दिवा नुसताच लागून राहतो. तुमच्याकडे वेग वाढलाय, म्हणजे फ्लॅशर नवीन जातीचा आहे.

प्रश्न: काका, माझ्या कारच्या इंडिकेटरचे दोन्ही बाजूंचे दिवे अधूनमधून लागतच नाहीत, पण हॅझर्डचं (चारही इंडिकेटर एकदम लावायचं) बटन दाबलं की चारही लागतात. दांडी ढिली झालीये, तीच बदलू ना?

उत्तर: थांबा. हॅझर्डला चारही लागतात म्हणजे बल्ब, वायरिंग ठीक आणि फ्लॅशरही बहुधा ठीक. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या बटनातूनच फिरून येतो, आणि ते बटन वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही, आत कार्बन धरतो. गाडी उभी करून हॅझर्डचं बटन 20-25 वेळा चालू-बंद करा. इंडिकेटर जिवंत झाला तर दोष दांडीचा नव्हताच, बटनात कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे सांधे साफ करायचा फवारा) मारा नाहीतर बटन बदला. नाही झाला तर इंडिकेटरचा फ्यूज बघा, तो हॅझर्डपेक्षा वेगळा असू शकतो, आणि त्यानंतरच दांडीकडे वळा.