चेकवर तुमचं नाव, लायसन्सवर त्याचं

पत्र थोडक्यात असं. दारव्हा तालुक्यातला एक भाऊ, वय ३८, अकरा वर्षांपासून शारजात एसी टेक्निशियन, पगार ४,५०० दिरहम. गावाकडचाच मित्र तिथं एसी रिपेअरिंगचं दुकान चालवतो, तो म्हणते ३० लाख टाक, निम्मा पार्टनर, महिन्याला ९० हजार गॅरंटी. दिवाळीत दोघं गावी आले तेव्हा ५०० च्या स्टॅम्पवर लिहूनही घेतलं. घरी १२ लाखांची एफडी आहे. प्रश्न एवढाच, की उरलेल्या १८ लाखांसाठी बाबांच्या ५ एकरावर १२ टक्क्यानं कर्ज काढू की पॉलिसी मोडू? आणि शेवटी जाता जाता एक ओळ, ‘मित्राचं चेकबुक आलं नव्हतं म्हणून दुकानाच्या भाड्याचे चार चेक सध्या माझेच दिले, एक पास झाला, पैसे तिकडं पोचवायचं तो पाहून घेईल.’

भाऊ, कर्ज की पॉलिसी याचं उत्तर आधी देऊन टाकतो, दोन्ही नाही. आता त्या शेवटच्या ओळीकडे या, कारण खरी भानगड तिथं आहे आणि ते तुम्ही विचारलंच नाही.

भाडं ४८ हजार दिरहम, चेक १२ हजारांचा एक, तीन बाकी. म्हणजे ३६ हजार दिरहम, २४ रुपयांनी धरा, साडेआठ लाखांच्या वर. ही देणेदारी आजच तुमच्या अंगावर आहे, आणि त्या दुकानात तुमचा एक खिळासुद्धा नाही! तिथल्या कायद्यात २ जानेवारी २०२२ पासून बदल झाला, खात्यात पैसे नसल्यानं चेक परत गेला तर आता सहसा पोलीस केस होत नाही, हे तुमच्या मित्रानं तुम्हाला सांगितलंच असेल. अर्धवट सांगितलं. परत गेलेला चेक आता थेट वसुलीच्या कोर्टात नेता येतो, वेगळा दावा लढवत बसायची घरमालकाला गरज नाही, मग खातं गोठतं, ट्रॅव्हल बॅन लागू शकतो, बाबांची तब्येत बिघडली तरी विमानात बसता येणार नाही. आणि गावी येऊन राहिलं की सुटलो असंही नाही, कारण १७ जानेवारी २०२० ला भारत सरकारनं नोटिफिकेशन काढलं, तिथल्या कोर्टाची पैशाची डिक्री, म्हणजे पैसे द्या असा निकाल, आता यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात आणून तुमच्या मालमत्तेवर वसूल करता येते.

आणि एक, घाबरून बँकेत जाऊन चेक थांबवू नका, खातंही बंद करू नका. नुसते पैसे कमी पडणं वेगळं, पण कारण नसताना पेमेंट थांबवणं किंवा चेकची तारीख यायच्या आत खातं बंद करणं हा तिथं अजूनही गुन्हाच आहे. रस्ता एकच, मित्राला त्याच्या नाहीतर दुकानाच्या खात्याचे चेक घरमालकाला द्यायला लावा, तुमचे तीनही परत घ्या, आणि परत मिळाले असं घरमालकाकडून लिहून घ्या. चेकबुक आलं नव्हतं हे कारण एका चेकपुरतं मी समजू शकतो, चार चेकसाठी नाही.

आता भागीदारी. दारव्ह्याच्या स्टॅम्प पेपरवर ‘निम्मा पार्टनर’ लिहिलं म्हणून शारजात कोणी पार्टनर होत नाही. तिथली एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी असेल तर तिचं मेमोरँडम, म्हणजे स्थापनेचा करार, नोटरीसमोर होतं आणि पार्टनरचं नाव रजिस्टरला चढतं, आपल्याकडे खरेदीखत झालं तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव यावं लागतं तसंच समजा. लायसन्स मित्राच्या एकट्याच्या नावाचं असेल तर त्यात पार्टनर बसतच नाही, आधी एलएलसी करावी लागेल. लायसन्स शारजाच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट डिपार्टमेंटचं असतं, त्याची कॉपी मागा, देत नसेल तर विषय तिथंच संपला. पूर्वी मेनलँडवर, म्हणजे सवलतीच्या खास क्षेत्रांबाहेर, ५१ टक्क्यांचा पार्टनर तिथलाच नागरिक लागायचा म्हणून लोक असे बिननावाचे व्यवहार करत होते, पण १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाला १०० टक्के मालकी घेता येते. मग तुमचंच नाव लपवायची गरज कोणाला आहे, हे त्याला तोंडावर विचारा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या बायकोनं कोणता कागद घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं?

तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या व्हिसावर आहात, त्यामुळे संध्याकाळी दुकानात स्वतः काम करायला वेगळं परमिट लागते, आणि तुमच्या करारात स्पर्धा न करायचं कलम आहे का तेही पाहा, ते नोकरी सोडल्यावर दोन वर्षांपर्यंत लावता येते.

९० हजारांची गॅरंटी! ३० लाखांवर वर्षाचे १० लाख ८० हजार, म्हणजे ३६ टक्के. थंडीच्या महिन्यांत एसीचं काम निम्म्यावर येते हे मी तुम्हाला सांगायचं का? इतकं खात्रीनं सुटत असतं तर तो स्वतःच तिथल्या बँकेकडून कर्ज घेऊन मोकळा झाला असता. इकडे १८ लाखांचा सात वर्षांचा हप्ता जवळजवळ ३२ हजार. तिकडून दोन महिने पैसे आले नाहीत की तो बाबांनी सोयाबीन-तुरीतून भरायचा, कोरडवाहू ५ एकरातून? भाऊ, त्या जमिनीला हात लावू नका. आणि ‘पोचवायचं तो पाहून घेईल’ म्हणजे हवाला, फेमा या आपल्या परकीय चलनाच्या कायद्याखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पैसे बुडाले तर पाठवले होते हे सिद्धही करता येणार नाही.

एफडी तुम्ही गावच्या जुन्याच साध्या खात्यात ठेवून राहिले, अकरा वर्षं बाहेर असताना ते चालत नाही. ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथल्या पैशाचं खातं, करून घ्या, व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस कापल्या जाईल, रिटर्न भरून जास्तीचा परत मागता येतो. यापुढची बचत एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या खात्यात, त्याचं व्याज इथं करमुक्त आणि पैसे केव्हाही तिकडं नेता येतात.

पॉलिसी, वर्षाला १ लाख, सहा हप्ते भरले, कव्हर १० लाख. घरात तुमच्यावर चार माणसं अवलंबून आणि कव्हर दहा! ज्यानं ही विकली त्यानं तुमची गरज पाहिलीच नाही, कमिशन पाहिलं. आधी १ कोटीचा टर्म, म्हणजे फक्त मृत्यूवर पैसे देणारा विमा घ्या, तो हातात आला की मग ही पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून कमी कव्हरवर चालू ठेवा, त्याच्या आधी नाही.

धंदा करायचाच असेल तर मी अडवत नाही, अकरा वर्षांचा हात आहे तुमचा. पण नाव रजिस्टरवर चढल्यावर, तिथल्या वकिलाकडून अरबी मेमोरँडम वाचून घेतल्यावर, आणि स्वतःच्या बचतीतले ६-७ लाखच, बँकेतून बँकेत. कोणी ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्सची भीती दाखवली तर तो वर्षाच्या ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर आहे, कंपनीची नोंदणी मात्र नफा नसला तरी करावीच लागते.

पुढच्या चेकची तारीख तुम्ही लिहिली नाही. आजच पाहा, आणि चेक हातात परत येईपर्यंत खात्यात १२ हजार दिरहम राहतील असं करा, त्यासाठी दोन-तीन महिने घरी पैसे कमी पाठवावे लागले तरी चालतील.